दावीद राजा कसा झाला: गोफण जरा बाजूला ठेवून वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेथलेहेमचा मेंढपाळ पोरगा गल्याथाला गोफणीने मारतो आणि पुढे इस्राएलचा राजा होतो, ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे. पण शमुवेलाचं पहिलं पुस्तक सलग वाचायला घेतलं की घोटाळा होतो. १६व्या अध्यायात दावीद तेव्हाचा राजा शौल याच्या दरबारी वीणा वाजवतो, त्याचा शस्त्रवाहकही होतो, १७व्यात तोच शौल सेनापती अबनेराला विचारतो, "हा तरुण कोणाचा मुलगा?" शिवाय एका द्वंद्वातल्या विजयाने गादी कशी मिळते, तेही कळत नाही. प्रश्नकर्त्यांना अभ्यासगटात तासभर यावर बोलायचं आहे, तेव्हा सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर: गल्याथापासून करू नका. १ शमुवेल ३०:२६-३१ पासून करा. त्या सहा ओव्यांत गावांची एक यादी आहे आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. दावीद राजा कसा झाला याचं उत्तर त्या यादीत आहे. तिथे येतोच, पण आधी तुमचा घोटाळा सोडवू, नाहीतर गटातला कोणीतरी पहिल्याच मिनिटाला तो काढेल आणि तास तिथेच संपेल.

१६ आणि १७ या अध्यायांचा मेळ बसत नाही, कारण दावीदाचा प्रवेश तिथे एकाहून जास्त वेळा होतो. संदेष्टा शमुवेल बेथलेहेमात येऊन इशायाच्या आठव्या मुलाला, म्हणजे दावीदाला, अभिषेक करतो, हा एक. शौलाला पछाडणाऱ्या दुरात्म्यावर उतारा म्हणून वादक हवा, हा दुसरा. भावांना भाकरी पोचवायला गेलेला पोरगा लढाईत उतरतो, हा तिसरा. वेगवेगळ्या परंपरा एकत्र गुंफल्या आहेत आणि शिवण दिसते. संकलकालाही ती दिसत होती. १७:१५ मध्ये "दावीद शौलाकडून बेथलेहेमला ये-जा करत असे" असं वाक्य येतं, ते सांधा जुळवण्यासाठीच आहे.

याला हस्तलिखितांचा आधारही आहे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या व्हॅटिकन हस्तलिखितात (चौथं शतक) १७:१२-३१ आणि १७:५५ ते १८:५ हे भागच नाहीत. म्हणजे शौलाचा तो गोंधळात टाकणारा प्रश्न त्या पाठात येतच नाही. आता मूळ पाठ आखूड होता आणि नंतर वाढला, की ग्रीक अनुवादकाने विसंगती पाहून कात्री लावली? अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. मला पहिलं जास्त पटतं, पण गटात ते निकाल म्हणून मांडू नका.

गल्याथाची उंची हीसुद्धा याच जातीची गोष्ट. आपल्या हातातल्या मराठी बायबलमागे जो हिब्रू पाठ आहे, त्यात ती सहा हात एक वीत आहे. हात ४५ सेंटिमीटर धरला तर साधारण २.९ मीटर. ग्रीक पाठात आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेल्या शमुवेलाच्या एका जुन्या गुंडाळीत चार हात एक वीत, म्हणजे जेमतेम दोन मीटर. दुसरा आकडा उंच पण माणसाचा आहे. चिलखत ५००० शेकेल म्हणजे सुमारे ५७ किलो, भाल्याचं लोखंडी पातं ६०० शेकेल म्हणजे जवळपास ७ किलो. हे आकडे ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारावेत म्हणून दिलेत, हे उघड आहे.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. २ शमुवेल २१:१९ मध्ये गथच्या गल्याथाला बेथलेहेमच्या एलहानानाने मारलं असं लिहिलं आहे. १ इतिहास २०:५ मध्ये तेच वाक्य दुरुस्त होऊन येतं: एलहानानाने गल्याथाचा भाऊ लहमी मारला. दावीदाच्या एखाद्या सैनिकाचा पराक्रम नंतर राजाच्या नावावर चढला असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. नायकाभोवती पराक्रम गोळा होत जातात. बखरी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्यावर. गल्याथप्रसंग जसाच्या तसा खरा मानला तरी त्यातून दावीदाला गादी मिळत नाही. मिळतं ते इतकंच: शौलाच्या सैन्यात हुद्दा, राजपुत्र योनाथानाची मैत्री, राजकन्या मीखलशी लग्न आणि शौलाचा मत्सर. दरबारात वर चढलेला माणूस दरबारातूनच हाकलला जातो. २२व्या अध्यायात तो अदुल्लामच्या गुहेत आहे, हातात काही नाही. खरा प्रश्न इथे सुरू होतो: परागंदा झालेला माणूस तिथून सिंहासनापर्यंत पोचला कसा?

२२:२ नीट वाचा. त्याच्याकडे कोण जमले? गांजलेले, सावकाराचं देणं डोक्यावर असलेले, मनात कडवटपणा साठलेले. सुमारे ४००. पुढे २३:१३ मध्ये ६००. ही टोळी आहे, आणि तिचा गाभा नात्याचा आहे: यवाब, अबीशय, असाएल हे दावीदाच्या बहिणीचे, सरुवेचे मुलगे. कनानच्या डोंगराळ भागात अशा टोळ्या नव्या नव्हत्या. दावीदाच्या तीन-चारशे वर्षं आधी, इसवी सनपूर्व १४व्या शतकात, यरुशलेमचा राजा अब्दी-हेबा मिसरच्या (इजिप्तच्या) फारोला मातीच्या पाट्यांवर पत्रं पाठवून 'हबिरू' लोकांबद्दल तक्रार करतो. ही पत्रं अमार्ना इथे सापडली. हबिरू म्हणजे गावाच्या, कुळाच्या बाहेर पडलेली, भाड्याने लढणारी, लुटारूही होऊ शकणारी माणसं. दावीदाची फौज त्याच साच्यातली.

टोळी पोसायची कशी, हा विचार वाचताना सतत मनात ठेवा. पुढची निम्मी कथा त्यावर चालते. माणशी पाऊण किलो धान्य धरलं तरी ६०० जणांना रोज साडेचार क्विंटल लागतं. बायकामुलं वेगळी, आणि २७:३ सांगतं की प्रत्येकाचं कुटुंब सोबत होतं. यहूदाच्या, म्हणजे दावीदाच्या वंशाच्या दक्षिणेकडच्या मुलखाच्या, रानात इतकं पिकत नाही. मग तीनच वाटा उरतात: संरक्षण देऊन मोबदला घेणं, लूट, किंवा एखाद्या राजाची चाकरी. दावीदाने तिन्ही केलं, आणि साधारण याच क्रमाने.

पहिल्या वाटेचा उत्तम नमुना म्हणजे नाबालाची कथा, १ शमुवेल २५. तासाभरात एकच अध्याय सविस्तर वाचणार असाल तर हा वाचा. नाबालाची ३००० मेंढरं आणि १००० शेरडं. दावीदाची माणसं रानात त्याच्या गुराख्यांभोवती "रात्रंदिवस तटासारखी" होती, असं नाबालाचाच चाकर सांगतो. लोकर कातरणीचा दिवस म्हणजे हातात उत्पन्न येण्याचा दिवस, आणि नेमक्या त्या दिवशी दावीद दहा तरुण पाठवतो. निरोप गोड आहे: "तुमच्या हाताला येईल ते तुमच्या या दासांना आणि तुमचा मुलगा दावीद याला द्या." नाबाल उखडतो: कोण हा दावीद? आजकाल धन्याला सोडून पळालेले नोकर फार झालेत! लगेच दावीद ४०० जणांना तलवारी बांधायला लावतो आणि नाबालाच्या घरातला एकही पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवणार नाही अशी शपथ घेतो. विनंतीचं पोट काय होतं ते इथे कळतं. आपल्याकडे याला खंडणी म्हणतील, दावीदाची बाजू घेणारे चौथाई म्हणतील. दोन्ही शब्द थोडे थोडे बरोबर आहेत.

नाबालाची बायको अबीगईल परस्पर सामान लादून निघते: २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढ्यांचं तयार मांस, पाच मापं हुरडा, मनुकांचे १०० घोस, अंजिरांच्या २०० ढेपा. सहाशे जणांत २०० भाकरी म्हणजे एक वेळही भागणार नाही. मोल भाकरीचं नव्हतं. मोल होतं तिने दावीदाला जे म्हटलं त्याचं: परमेश्वर तुमचं घराणं कायम करील, मग विनाकारण सांडलेल्या रक्ताचा डाग हाताला कशाला? दहा दिवसांनी नाबाल मरतो आणि दावीद त्याच्या विधवेशी लग्न करतो. नाबाल कालेबाच्या कुळातला, आणि हेब्रोन हे कालेबी लोकांचं ठाणं. यिज्रेलची अहीनवाम हीदेखील याच सुमारास त्याची बायको होते; हे यिज्रेल यहूदातलं, उत्तरेच्या खोऱ्यातलं नव्हे. म्हणजे दक्षिणेच्या डोंगराळ भागातल्या दोन घराण्यांशी सोयरीक जुळली. लग्नांची नोंद कथेत ओझरती येते, राजकारणात ती ओझरती नसते.

दुसरी आणि तिसरी वाट सिकलागमध्ये एकत्र येतात. शौलाचा पाठलाग थांबत नाही म्हणून दावीद सरळ शत्रूकडे, गथचा पलिष्टी राजा आखीश याच्याकडे जातो आणि त्याचा मांडलिक होतो. आखीश त्याला सिकलाग हे गाव देतो. तिथे तो एक वर्ष चार महिने राहतो (२७:७). या काळातला त्याचा व्यवहार थंड डोक्याचा आहे. तो गशूरी, गिरजी, अमालेकी यांच्या वस्त्यांवर धाडी घालतो, मेंढरं, गुरं, गाढवं, उंट, कपडे आणतो, आणि आखीशाला सांगतो की यहूदाच्या, यरहमेली आणि केनी लोकांच्या दक्षिण भागावर धाड घातली. खोटं उघडं पडू नये म्हणून तो कोणालाही जिवंत ठेवत नाही, पुरुष नाही, बाई नाही. कारण पुस्तक स्वतःच देतं (२७:११). हे वाचताना गटात कोणी अस्वस्थ झालं तर तिथे थांबा. सारवासारव करू नका, लेखकानेही केलेली नाही.

आता ती यादी. शौलाशी लढायला निघालेले पलिष्टी सरदार दावीदावर विश्वास ठेवत नाहीत, त्याला छावणीतून, अफेकहून, परत पाठवतात. इकडे अमालेक्यांनी सिकलाग जाळून बायकामुलं नेलेली. त्याचीच माणसं त्याला दगडमार करायच्या बेतात असतात. तो ४०० जण घेऊन पाठलाग करतो. २०० दमून बसोर ओढ्याशी राहतात. सगळं परत मिळतं, वर लूट. जे लढले त्यांना आणि जे सामानापाशी राहिले त्यांना सारखा वाटा, असा नियम तो घालून देतो. उरलेल्या लुटीतून तो यहूदाच्या वडीलजनांना भेटी पाठवतो: बेथेल, दक्षिणेतलं रामोथ, यत्तीर, अरोएर, एष्टमोवा... एकूण १३ नोंदी, शेवटची हेब्रोन. मध्ये यरहमेली लोकांची गावं आणि केनी लोकांची गावं. हीच ती माणसं, ज्यांना लुटलं असं तो आखीशाला सांगत होता! एकाच लुटीवर त्याने पलिष्टी धन्याचा विश्वास मिळवला आणि यहूदाच्या पुढाऱ्यांना उपकाराखाली आणलं. शौल तिकडे गिलबोवा डोंगरावर मरतो. पानं उलटून २ शमुवेल २:४ वर या. यहूदाचे लोक दावीदाला राजा म्हणून अभिषेक करतात, आणि ते घडतं हेब्रोनला, यादीतल्या शेवटच्या गावी.

इथवरचा धागा एकदा पक्का करा: टोळी, तिचं पोट, सोयरीक, मांडलिकी, भेटी, अभिषेक. आणि हेही ध्यानात घ्या की बेथलेहेममधला शमुवेलाचा अभिषेक धरून हा दुसरा आहे. तिसरा अजून साडेसात वर्षं लांब आहे.

ती साडेसात वर्षं (२ शमुवेल ५:५) मोकळेपणाने वाचा, कारण इथे आकड्यांत फट आहे. अबनेर शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याला यार्देन नदीपलीकडे महनाइमला राजा करतो, पण त्याची कारकीर्द दोनच वर्षं दिली आहे. उरलेली पाच-साडेपाच वर्षं कुठे गेली? एक तर पराभवातून सावरून ईश-बोशेथाला बसवायलाच वेळ गेला, किंवा त्याच्या मृत्यूनंतरही उत्तरेच्या वंशांनी दावीदाला सहज स्वीकारलं नाही. पाठावरून ठरत नाही. दावीदाची चाल मात्र स्पष्ट दिसते. शौलाला मूठमाती देणाऱ्या याबेश-गिलादकरांना तो शाबासकीचा निरोप पाठवतो आणि शेवटी हळूच जोडतो की यहूदाने मला राजा केलंय. गशूरच्या तलमय राजाची मुलगी माका हिच्याशी तो लग्न करतो. गशूर हे ईश-बोशेथाच्या मुलखाच्या उत्तरेला आहे. अबनेर बोलणी सुरू करतो तेव्हा दावीद पहिली अट घालतो, "माझी बायको मीखल परत आणा." म्हणजे पुन्हा शौलाचा जावई. तिचा दुसरा नवरा पलतीएल रडत रडत बहूरीमपर्यंत मागे येतो. अबनेर म्हणतो, "जा परत," आणि तो जातो. मीखलला काय वाटलं, याबद्दल लेखक तिथे चूप आहे.

या काळात पलिष्टी गप्प का, असा प्रश्न कोणी विचारेल. बहुधा हेब्रोनचा राजा त्यांच्या लेखी आपलाच मांडलिक होता. इस्राएलचे वडीलही येऊन त्याच्याशी करार करतात आणि तिसरा अभिषेक होतो, तेव्हा ५:१७ मध्ये पलिष्टी लगेच चाल करून येतात.

आणखी एका गोष्टीवर बोट ठेवा: गादीच्या वाटेतला प्रत्येक अडसर दुसऱ्याच कोणाच्या हातून दूर होतो. शौल मरतो तेव्हा दावीद शंभराहून जास्त किलोमीटर लांब, सिकलागला. पण शौलाचा मुकुट आणि दंडातलं कडं त्याच्या हाती येतं, एका अमालेक्याकडून, आणि दावीद त्या अमालेक्याला ठार करवतो. अबनेराला यवाब हेब्रोनच्या वेशीत भोसकतो; दावीद उपास करतो, तिरडीमागून चालतो, "मला ठाऊक नव्हतं" हे सगळ्यांना कळेल असं वागतो. पण यवाब सेनापतिपदावर राहतो. ईश-बोशेथाला रेखाब आणि बाना दुपारी झोपेत मारतात, डोकं दावीदाकडे आणतात, आणि दावीद त्यांनाही मारतो. एन-गेदीच्या गुहेत आणि पुढे पुन्हा एकदा तो हाती आलेल्या शौलाला सोडून देतो, हे लेखक दोनदा सांगतो (१ शमुवेल २४ आणि २६).

इतकी सफाई का द्यावी लागली? कारण आरोप होत होता. १९८०च्या सुमारास काइल मॅकार्टर या अभ्यासकाने या भागाची तुलना प्राचीन तुर्कस्तानातला हित्ती राजा तिसरा हत्तुशिली याच्या निवेदनाशी केली. पुतण्याला हटवून गादीवर आलेला तो राजा आपली बाजू अशीच मांडतो. दावीदाने हे खून करवले, असं यावरून सिद्ध होत नाही. लेखक दावीदाच्या बाजूने, ऐकणाऱ्याच्या मनातल्या शंकांना उत्तरं देत लिहितोय, एवढं सिद्ध होतं. या दोन वाक्यांतला फरक गटात जपा. चर्चा बहुधा इथेच घसरते. एकजण 'संत' म्हणतो, दुसरा 'खुनी', आणि पुस्तक मिटतं.

यरुशलेमबद्दल थोडक्यात. ते यबूसी लोकांचं होतं, यहूदाचं नाही आणि उत्तरेच्या वंशांचंही नाही. म्हणून दोघांना चालणारी राजधानी. ५:६ म्हणतं ते "राजाने व त्याच्या माणसांनी" घेतलं, वंशांच्या सैन्याने नव्हे. त्यामुळे 'दावीदाचं नगर' हे नाव अगदी शब्दशः घ्या: ती त्याची खाजगी मिळकत होती. आकाराने लहान, गीहोन झऱ्याच्या वरच्या अरुंद डोंगरसोंडेवर, सुमारे पाच हेक्टर, म्हणजे बारा-तेरा एकर. साम्राज्याची राजधानी डोळ्यांपुढे आणू नका.

"हे सगळं खरंच घडलं का?" हा प्रश्न येणारच. दावीदाच्या हयातीतला, त्याचं नाव असलेला एकही लेख सापडलेला नाही. १९९३मध्ये उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे अरामी भाषेतल्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, पुढच्या वर्षी आणखी दोन. इसवी सनपूर्व ९व्या शतकातल्या या लेखात एक शत्रुराजा यहूदाच्या राजघराण्याला 'दावीदाचं घराणं' म्हणतो. म्हणजे शे-दीडशे वर्षांत परक्यांनाही हे घराणं त्याच नावाने माहीत होतं. माणूस होता, याला हा चांगला पुरावा आहे. अबीगईलच्या भाकरींना नाही. त्याचं राज्य केवढं होतं, यावर पुरातत्त्वज्ञांत जोरदार वाद आहे, आणि तो मुख्यतः इसवी सनपूर्व दहाव्या शतकातल्या बांधकामांच्या कालनिश्चितीचा आहे.

कोणी दावीदाच्या कारकिर्दीसाठी इसवी सनपूर्व १०१०-९७० हे साल म्हणालं तर ते कसं काढलं तेही सांगा. मिसरचा राजा शिशक याची स्वारी दावीदाचा नातू रहबाम याच्या कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी झाली (१ राजे १४:२५), ती साधारण ९२५ धरतात. तिथून मागे पाच वर्षं, मग दावीदाचा मुलगा शलमोन याची ४० आणि दावीदाची ४०. दोन्ही चाळीस गोल आकडे आहेत, म्हणून साल 'सुमारे' लावूनच म्हणा. शौलाचं तर काहीच धरता येत नाही, कारण १ शमुवेल १३:१ मध्ये त्याच्या वयाचा आकडा हिब्रू पाठातून गळालाच आहे.

तासाची आखणी अशी ठेवा. पहिली दहा मिनिटं १६-१७ची विसंगती, ग्रीक पाठासह. मग यहूदाचा नकाशा भिंतीवर लावून वीस मिनिटं अध्याय २५. पंधरा मिनिटं २७ आणि ३०. यादीतली जी गावं नकाशावर सापडतात त्यांवर टाचण्या लावा, सगळी सापडणार नाहीत. उरलेल्या वेळात २ शमुवेल १ ते ५ मधले तीन मृत्यू (शौल, अबनेर, ईश-बोशेथ), आणि शेवटी २ शमुवेल १६:५-११ मोठ्याने वाचा. तिथे म्हातारा दावीद मुलाच्या बंडामुळे राजधानी सोडून चाललाय, आणि शौलाच्या घराण्यातला शिमी त्याच्यावर दगड भिरकावत ओरडतोय, "चालता हो, खुनी माणसा! शौलाच्या घराण्याचं रक्त तुझ्यावर उलटलंय." अबीशय त्याचं डोकं उडवायला निघतो. दावीद म्हणतो, "शिव्या देऊ दे त्याला."